रात्री अकरानंतरचे दार

लंडनच्या सोहो भागात, फ्रिथ स्ट्रीटवर, १७१८ साली बांधलेले विटांचे एक घर आजही उभे आहे. विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकाराने विपन्नावस्थेतील आपले अखेरचे दिवस याच घरातल्या भाड्याच्या खोलीत काढले आणि १८ सप्टेंबर १८३० रोजी येथेच त्याचे देहावसान झाले. ज्याने १८२२ साली प्रवासावर निबंध लिहून पायी भटकायला निघावे तर एकट्यानेच निघावे असा पक्ष मांडला, आणि परगावच्या सराईत आपल्याला कोणीही ओळखत नाही यातले सुख इतक्या आवडीने वर्णिले, की वेल्समधील एका गावी १० एप्रिल १७९८ रोजी, म्हणजे स्वतःच्या विसाव्या वाढदिवशी, एक कादंबरी, शेरीची बाटली आणि थंड कोंबडी एवढ्याच सोबतीने आपण कसे बसलो होतो हेही त्यात नमूद करून ठेवले, त्याच लेखकाने जेथे प्राण सोडला त्या घरात १९८६ पासून त्याच्याच नावाचे एक लहान हॉटेल चालते, हा योग मला एकट्या प्रवाशाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण वाटत आला आहे.

अशा हॉटेलांना ‘बुटीक हॉटेल’ म्हणण्याची वहिवाट १९८४ नंतरची. त्या वर्षी इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या जोडीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवर ‘मॉर्गन्स’ नावाचे हॉटेल काढले आणि इतर हॉटेले जर सर्व तऱ्हेचा माल एकाच छपराखाली विकणारी भांडारे असतील तर आमचे हॉटेल हे निवडक मालाचे छोटे दुकान, म्हणजे ‘बुटीक’, आहे, असे रुबेल सांगू लागला. लंडनमध्ये अनूष्का हेम्पेल या बाईंनी साऊथ केन्सिंग्टनमधली जुनी घरे जोडून ‘ब्लेक्स’ नावाचे असेच हॉटेल त्याच्याही आधी थाटले होते. शब्द तेवढा मागाहून आला. वाचकाने मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी, की या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही, त्याचा परवाना कोणी देत नाही, आणि म्हणून चार भिंतींना गडद रंग देऊन दोन जुनी चित्रे टांगणाऱ्या कोणाही मालकास ही पाटी बिनदिक्कत लावता येते. पाटी पाहून निवड करणे म्हणजे निवड न करणेच होय.

पेशवाईच्या उत्तरकालातील इंग्रजी पत्रव्यवहार वाचण्यासाठी मी आजवर चार वेळा लंडनला गेले, चारही वेळा एकटी, आणि मुक्कामासाठी दर वेळी ब्लूम्सबरी किंवा तिच्या लगतचा भाग निवडला. कारण इंडिया ऑफिसचे सारे दफ्तर ज्या ब्रिटिश लायब्ररीत आहे ती युस्टन रोडवर, तेथून पायी अंतरावर आहे. या चार मुक्कामांत मी जे शिकले ते एका वाक्यात सांगायचे तर असे: जोडप्याला वा कुटुंबाला हॉटेलाकडून छप्पर, बिछाना आणि न्याहारी मिळाली की पुरते, कारण ताप आला तर औषध आणणारे, उशीर झाला तर वाट पाहणारे माणूस त्यांच्या बरोबरच असते; एकट्या प्रवाशाला मात्र ते दुसरे माणूस हॉटेलातच शोधावे लागते, आणि लहान हॉटेलाचे अधिक पैसे मोजण्याचे खरे कारण भिंतीवरचा रंग नसून तेवढेच आहे.

परंतु माणसाकडे येण्यापूर्वी घराकडे पाहिले पाहिजे. लंडनची बहुतेक लहान हॉटेले अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील ओळीने बांधलेल्या घरांत आहेत. १६६६ च्या भीषण आगीनंतर शहरात विटांची किंवा दगडांची घरे बांधणे सक्तीचे झाले, आणि १७७४ च्या बांधकाम कायद्याने घरांच्या आकारमानाप्रमाणे व किमतीप्रमाणे त्यांच्या प्रती ठरवून दिल्या. त्यामुळे गावर स्ट्रीटसारख्या रस्त्यावर एक घर पाहिले की शेजारची दहा घरे पाहिल्यासारखी होतात. तळघरात स्वयंपाकघर, तळमजल्यावर भोजनगृह, पहिल्या मजल्यावर उंच खिडक्यांचा दिवाणखाना, दुसऱ्यावर घरधन्याची शय्यागृहे, आणि अगदी वर, उतरत्या छपराखाली, नोकरांच्या खोल्या, असा या घरांचा शिरस्ता होता. आता याच घराचे हॉटेल झाले की दिवाणखान्याची सर्वांत महागडी दुहेरी खोली होते, शय्यागृहांच्या मध्यम दराच्या खोल्या होतात, आणि एकट्या प्रवाशास ‘सिंगल’ या नावाखाली मिळते ती बहुधा मोलकरणीची वरची खोली किंवा तळघरातील मागची, जिची खिडकी एका ओल्या भिंतीवर उघडते.

हे समजून घेतले म्हणजे पुष्कळशा तक्रारींचा उलगडा आपोआप होतो. लिफ्ट का नाही? कारण अशी घरे संरक्षित वास्तूंच्या यादीत असतात आणि त्यांचा जिना तोडण्यास वा छपरातून खांब नेण्यास स्थानिक प्राधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ती सहसा मिळत नाही. रहदारीचा आवाज का येतो? कारण वरखाली सरकणाऱ्या मूळच्या लाकडी खिडक्या बदलून दुहेरी काचेच्या बसवायलाही तीच मंजुरी लागते. शहाणा मालक मग आतल्या बाजूने दुसरी काच बसवतो, आणि ती बसवली आहे की नाही हे पत्र पाठवून विचारता येते. उन्हाळ्यात वरची खोली का तापते? कारण डोक्यावर थेट छप्पर असते आणि वातानुकूलनाची सोय फार थोड्या घरांत असते; १९ जुलै २०२२ रोजी हीथ्रो येथे पारा ४०.२ अंशांवर गेला होता, त्या दिवशी अशा खोलीत कोणी कशी रात्र काढली असेल याची कल्पना विदर्भातील वाचकास मी निराळी द्यायला नको. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की लहान हॉटेलात ‘सिंगल’ खोली स्वस्त दिसली तरी ती कोणत्या मजल्यावर, पुढच्या की मागच्या बाजूस, आणि जिन्याच्या किती पायऱ्यांवर आहे याची आधी खातरजमा करावी, आणि थोडे जास्त पैसे देऊन दुसऱ्या मजल्यावरची मागच्या अंगणाकडील लहान दुहेरी खोली मिळत असेल तर ती घ्यावी. मी स्वतः आता दुसरे काही घेत नाही.

आता माणसाविषयी. माझ्या दुसऱ्या खेपेस, नोव्हेंबर महिन्यात, एडिंबरोहून येणारी गाडी रखडली आणि किंग्ज क्रॉसला उतरायला रात्रीचे सव्वाअकरा वाजले. ज्या हॉटेलात मी खोली राखून ठेवली होती त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. त्याची छायाचित्रे अप्रतिम होती आणि ती खोटीही नव्हती. पण दाराशी पोचल्यावर दिसले की स्वागतकक्ष दहालाच बंद होतो, बाहेरच्या दाराला आकडे दाबायची पेटी आहे, आणि ते आकडे दुपारी मला पाठवलेल्या ईमेलमध्ये आहेत. माझा फोन गाडीतच मान टाकून बसला होता. घंटा वाजवली, आत दिवा होता, फुलदाणी होती, पिवळी मखमली खुर्ची होती, आणि माणूस नव्हते. चाळीस मिनिटे मी त्या पायरीवर पावसात उभी होते. अखेर सिनेमाहून परतलेल्या एका वृद्ध जोडप्याने दार उघडले आणि त्यांच्या मागोमाग मी आत शिरले. कोणाही परक्या माणसास तसेच शिरता आले असते, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

तिसऱ्या खेपेस मी निवडलेले घर दिसायला साधे होते. गालिचा विटलेला, न्याहारीची खोली तळघरात, आणि दारातल्या छत्र्यांच्या पितळी स्टँडमध्ये प्रत्येक खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली एकेक काळी छत्री. रात्रीच्या पाळीला पोर्तुगालहून आलेले एक प्रौढ गृहस्थ असत. एका संध्याकाळी लायब्ररीतून परस्पर एका व्याख्यानाला गेल्यामुळे मला परतायला साडेदहा झाले आणि वाटेत मुसळधार पावसाने गाठले. दार मी ढकलण्यापूर्वीच उघडले गेले. त्या गृहस्थांनी हातातला कोरडा टॉवेल पुढे केला आणि, “अकरा क्रमांकाची छत्री इथेच राहिलेली पाहिली, तेव्हाच तुमच्या खोलीतले हीटर सुरू करून आलो,” असे सांगून ते पुन्हा आपल्या वहीत डोके घालून बसले. अकरा पाहुण्यांपैकी कोण अजून बाहेर आहे हे छत्र्यांवरून ओळखणारा तो माणूस मला कोणत्याही शोभिवंत दिवाणखान्यापेक्षा मोलाचा वाटला, आणि आजही वाटतो.

असा माणूस तेथे आहे की नाही, हे सहाशे-सातशे पौंडांचा सौदा करण्यापूर्वी कसे कळावे? छायाचित्रांवरून ते कळत नाही, आणि लोकांनी दिलेल्या तारकांवरूनही फारसे नाही. मी आता खोली राखण्यापूर्वी हॉटेलास एक लहानसे पत्र लिहिते आणि त्यात तीनच प्रश्न विचारते: रात्री अकरानंतर दारात कोण असते; मला कोणत्या मजल्यावरची खोली मिळेल; आणि जिन्याला आगीच्या वेळी दुसरी वाट आहे काय. शेवटचा प्रश्न उगाच नाही. जुन्या घरांत मुख्य जिना एकच असतो, आणि २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशानुसार धोक्याचे मूल्यमापन करून सुटकेची वाट मोकळी ठेवणे ही मालकावरील कायदेशीर जबाबदारी आहे, तेव्हा त्याला हे ठाऊक असलेच पाहिजे. उत्तर दोन दिवसांत आले, त्यात माझे नाव बरोबर लिहिलेले असले आणि तिन्ही प्रश्नांना तीन उत्तरे असली, तर मी निःशंकपणे खोली घेते. छापील मजकूर चिकटवून पाठवला असेल तर ते घर मी सोडून देते, मग त्याची कितीही वाहवा झालेली असो.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी थोडक्यात. ब्रिटनमध्ये जाहीर दरात वीस टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो, तेव्हा बिलात तो निराळा लागणार नाही. मात्र न्याहारी धरली आहे की नाही हे पाहावे. आणि व्हिसा हाती पडेपर्यंत, कितीही स्वस्त असली तरी, पैसे परत न मिळण्याच्या अटीवरची खोली भारतीय प्रवाशाने कधीही घेऊ नये.

जागेच्या बाबतीत ‘मध्यवर्ती लंडन’ या शब्दांवर विसंबू नये, तर स्टेशनपासून दारापर्यंत सामानासह किती मिनिटे चालावे लागते आणि स्टेशनात किती पायऱ्या आहेत हे पाहावे. कॉव्हेंट गार्डनच्या भुयारी स्टेशनात लिफ्ट आहे, पण तिच्यापुढची रांग टाळून जिन्याने जाऊ म्हणाल तर १९३ पायऱ्या आहेत. उलट, मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गाने हीथ्रोहून टॉटनहॅम कोर्ट रोडला अर्ध्या तासाच्या आसपास येता येते आणि तेथे वर रस्त्यापर्यंत लिफ्ट आहे. सोहो तेथून हाकेच्या अंतरावर. पण सोहोच्या गल्ल्या मध्यरात्रीपर्यंत गजबजलेल्या असतात. एकट्या स्त्रीला ती गजबज सोबतीसारखी वाटते आणि निद्रेला मात्र मारक होते. ब्लूम्सबरीचे चौक रात्री फार शांत, कधी कधी जरा जास्तच. दोहोंपैकी काय पेलते हे ज्याचे त्याने ठरवावे. मी शांतता पत्करते आणि अंधार पडल्यावर चौकातल्या बागेऐवजी दुकानांच्या रस्त्याने येते.

मराठी माणसाला लंडनमधील एकट्या बिऱ्हाडाची आठवण परकी नाही. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड येथे राहत होते आणि दिवसचे दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचीत बसत होते. ते ग्रंथालय तेव्हा ब्लूम्सबरीतच होते, आणि त्याचे ग्रंथ आज युस्टन रोडवरील नव्या इमारतीत आहेत. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि आता तेथे स्मारक आहे. एकट्या मुक्कामास निघालेल्या मराठी वाचकाने एक सकाळ तेथे अवश्य काढावी. त्या काळी एकट्याने येणारा परदेशी विद्यार्थी कोणाच्या तरी घरी भाड्याच्या खोलीत उतरत असे आणि घरमालकीण त्याच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवीत असे. ती पद्धत आता जवळजवळ लोपली. तिचे उत्तम ते जेथे शिल्लक आहे ती लहान हॉटेले थोडी आहेत, पण आहेत.

तेव्हा लंडनला, किंवा अशाच कोणत्याही मोठ्या शहराला, एकट्याने जाण्याचे ठरवले असेल तर हॉटेलास लिहिताना आपण एकटे किंवा एकट्या येत आहोत ही गोष्ट संकोचाने दडवू नका. पत्राच्या पहिल्याच ओळीत ती लिहा आणि उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.