गॅस लायटरमधलं शिसं अजून का गेलं नाही? समजून घ्या बेरियम टायटनेट म्हणजे काय

पनवेल तालुक्यातल्या तळोजा एमआयडीसीत कारखान्यांच्या घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा सामायिक प्रकल्प आहे. शिशासारखे जड धातू असलेला कचरा जमिनीत झिरपू नये म्हणून तो अशा ठिकाणी बंदिस्त करावा लागतो. पण स्वयंपाकघरातला ‘टक्’ करून ठिणगी पाडणारा लायटर बिघडला, तर तो बहुतेकदा घरच्या कचऱ्याच्या डब्यातच जातो. अशा अनेक लायटरमध्येही शिसं असतं.

ठिणगी पाडणाऱ्या त्या सिरॅमिकच्या तुकड्याचं नाव लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजेच पीझेडटी. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. याच जातकुळीतला, पण शिसं नसलेला पदार्थ म्हणजे बेरियम टायटनेट. तुमच्या मोबाइलमध्ये खसखशीच्या दाण्याएवढे शेकडो कपॅसिटर असतात. त्यातले बहुतेक याच पदार्थाचे असतात. मग लायटरमध्ये तोच का वापरत नाहीत?

अभ्रकाला पर्याय शोधताना

पूर्वी चांगल्या कपॅसिटरमध्ये अभ्रक वापरलं जायचं आणि जगाला त्याचा मोठा पुरवठा भारतातून व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा धोक्यात आला आणि पर्यायांचा शोध सुरू झाला. अमेरिका, रशिया आणि जपानमधल्या संशोधकांना जवळपास एकाच काळात, स्वतंत्रपणे बेरियम टायटनेटचे गुण आढळले. विद्युतभार साठवण्यात ते अभ्रकापेक्षा शेकडो पटींनी सरस होतं. १९४५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हेलन मेगॉ यांनी क्ष-किरणांच्या मदतीने त्याची स्फटिकरचना उलगडली.

आत नेमकं काय घडतं?

एक घन डोळ्यांसमोर आणा. आठ कोपऱ्यांवर बेरियम, सहा बाजूंच्या मधोमध ऑक्सिजन आणि घनाच्या केंद्रात टायटॅनियम. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर ही रचना अशीच समतोल असते. तापमान त्याखाली आलं की घन एका दिशेने जेमतेम एक टक्का लांबतो आणि टायटॅनियम केंद्रापासून किंचित सरकतो. त्यामुळे एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण भार तयार होतो.

बाहेरून विद्युतदाब देऊन ही दिशा उलटवता येते. या गुणधर्माला फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. ‘फेरो’चा इथे लोखंडाशी संबंध नाही. लोहचुंबकाच्या वागण्याशी साम्य असल्यामुळे हे नाव पडलं.

अडचण १२० अंशांची

सिरॅमिकमध्ये असंख्य बारीक कण असतात आणि प्रत्येकातल्या भाराची दिशा वेगळी असते. कपॅसिटरला ते चालतं. सोल्डरिंग करताना तो २०० अंशांच्या वर तापला, तरी थंड झाल्यावर टायटॅनियम पुन्हा सरकतो आणि काम सुरू राहतं.

लायटरचं तसं नाही. दाबल्यावर वीज मिळायला हवी असेल, तर सगळ्या कणांची दिशा जुळवावी लागते. त्यासाठी कारखान्यात तीव्र विद्युतदाब देतात. पदार्थ एकदा १२० अंशांच्या वर गेला की ही जुळणी मोडते आणि थंड झाल्यावर आपोआप परत येत नाही. पीझेडटीत ही मर्यादा साधारण २०० ते ३५० अंशांपर्यंत असते. शिवाय तितक्याच दाबाला ते जास्त भार देतं.

म्हणूनच युरोपने २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर मर्यादा घातल्या, तरी अशा सिरॅमिकला सूट दिली.

पर्याय सापडला का?

२००९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी बेरियम टायटनेटमध्ये कॅल्शियम आणि झिर्कोनियम मिसळून पीझेडटीच्या तोडीचा परिणाम मिळवला. पण त्या मिश्रणाची तापमानमर्यादा आणखी खाली, १०० अंशांच्याही आत आली. ताकद वाढवली की उष्णता सोसण्याची क्षमता घटते, हा तिढा जगभरातल्या प्रयोगशाळा सोडवू पाहत आहेत. तो सुटेपर्यंत मोबाइलमधले कपॅसिटर बिनशिशाचे आणि ओट्यावरच्या लायटरमध्ये मात्र शिसं, अशीच स्थिती राहील.