‘तिलावा’ बोटीची तिथी

घाटकोपरास आमच्या शेजारी एक गुजराती कुटुंब राहते. भिंत एक आणि उंबरे दोन, असा हा शेजार फार वर्षांचा आहे. त्यांच्या देवघराजवळ एक जुनी तसबीर आहे. बंद गळ्याचा कोट, पांढरी टोपी आणि काहीसे संकोचलेले डोळे. दरसाल २३ नोव्हेंबर रोजी त्या तसबिरीस हार चढतो, आणि सायंकाळी पाण्याने भरलेल्या परातीत एक पणती सोडली जाते. शेजारधर्म म्हणून आम्ही कधी विचारले नव्हते व त्यांनीही कधी सांगितले नव्हते.

मागील पितृपक्षाच्या आरंभी त्या घरच्या वडील बाई, ज्यांस आम्ही सारे ‘बेन’ म्हणतो, त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही पंचांग जाणता. आमच्या दादाजींचे सारे आम्ही इंग्रजी तारखेनेच करीत आलो. त्यांची खरी तिथी काढून द्याल का?”

“कोठे वारले ते?” आम्ही विचारले.

“दर्यात. ‘तिलावा’ बोटीवर.”

लाज वाटते, परंतु सांगितले पाहिजे. पस्तीस वर्षे मुलांस इतिहास शिकविला, तरी हे नाव आमच्या कानांवरून कधी गेले नव्हते. ‘रामदास’ बोट आमच्या वडील मंडळींच्या तोंडी नेहमी असे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना ती बुडाली, आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. १४ एप्रिल १९४४ चा गोदीतील स्फोट तर साऱ्या मुंबईने कानांनी ऐकला. ‘तिलावा’ मात्र मुंबईहूनच निघाली आणि मुंबईच्याच स्मरणातून नाहीशी झाली. तेव्हा बेनच्या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही जे शोधले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

‘तिलावा’ ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची दहा हजार टनांची आगबोट. १९२४ साली इंग्लंडात टाइन नदीकाठी ती बांधली गेली. २० नोव्हेंबर १९४२ रोजी तिने मुंबई बंदर सोडले. मोंबासा, लोरेन्सो मार्क्विस (म्हणजे आजचे मापुटो) व डर्बन असा तिचा मार्ग होता. प्रवासी ७३२, खलाशी व अधिकारी २२२, तोफांवरचे शिपाई ४. मिळून ९५८ माणसे. प्रवाशांत मोठा भरणा गुजरात-काठियावाडकडील मंडळींचा होता. आफ्रिकेत दुकान असलेला बाप, त्याच्याकडे निघालेली बायको व मुले, सुटीवर येऊन परतणारे कारकून व कारागीर, अशी ही संसारी माणसे होती. युद्धाशी त्यांचा संबंध इतकाच, की त्यांच्या वाटेत ते येऊन उभे राहिले होते.

तिसऱ्या रात्री, २३ तारखेच्या पहाटेपूर्वी, सेशल्स बेटांच्या ईशान्येस सुमारे नऊशे मैलांवर, ‘आय-२९’ नावाच्या जपानी पाणबुडीने बोटीवर पाणतीर सोडला. निजलेली माणसे अंधारात जिन्यांकडे धावली. होड्या सोडताना गर्दी उसळली व काही होड्या उलटल्या. तथापि बोट लगेच बुडाली नाही. तेव्हा, ही तरते आहे अशा आशेने, होड्यांतील काहीजण पुन्हा बोटीवर चढले. अशा वेळी दुसरा पाणतीर येऊन लागला आणि ‘तिलावा’ तळाशी गेली. २८० जीव गेले. उरलेले दोन दिवस उघड्या समुद्रावर तरंगत राहिले. ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने २५ तारखेस त्यांतील बहुतेकांना उचलले व २७ तारखेस मुंबईस आणले.

ही वार्ता झाकून का राहिली, याचे उत्तर त्या वर्षातच आहे. बुडालेल्या बोटींची बातमी शत्रूस मिळू नये म्हणून युद्धकाळात अशा वृत्तांवर कडक बंधने होती. शिवाय ऑगस्टपासून देशभर ‘चले जाव’चा वणवा पेटलेला. अशा गदारोळात घरोघरी आलेला शोक घरोघरीच राहिला. ज्यांचे गेले त्यांनी कोनाड्यात तसबीर ठेवली. इतरांस काही कळले नाही.

आता तिथीविषयी. वडिलांच्या पेटीत शके १८६४ चे पंचांग निघाले. ते उघडून पाहतो तो अंगावर काटा उभा राहिला. बोट निघाली ती तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत, आणि बुडाली ती त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री! इकडे देवळांच्या दीपमाळा उजळलेल्या, तिकडे त्याच चांदण्यात माणसे फळकुटांस धरून होती. मात्र पौर्णिमा त्या मध्यरात्रीनंतर संपून वद्य प्रतिपदा लागते, आणि घाला पडला तोही साधारण त्याच प्रहरी. त्यात बोटीवरचे घड्याळ निराळे; शिवाय १ सप्टेंबर १९४२ पासून युद्धासाठी हिंदुस्थानातील घड्याळे एक तास पुढे केलेली. पौर्णिमा की प्रतिपदा, हे घटका-पळे मोजून सांगण्याचे धाडस आम्हांस झाले नाही.

शोध करिताना आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती बेनना सांगावी की न सांगावी, या विचारात आमचे दोन दिवस गेले. आमच्या बैठकीत, त्याच सामाईक भिंतीच्या अलीकडल्या बाजूस, नेताजी सुभाषचंद्रांची तसबीर आहे. आमच्या वडिलांनी लावलेली. एप्रिल १९४३ च्या अखेरीस मादागास्करच्या आग्नेयेस, खवळलेल्या समुद्रात, नेताजी एका जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत गेले, हे आम्ही कित्येक वर्गांस रंगवून सांगितले आहे. ती जपानी पाणबुडी हीच ‘आय-२९’ होय. पाचच महिन्यांपूर्वी जिने ‘तिलावा’ बुडविली, तिच्यातूनच नेताजी पूर्वेकडे आले. पुढे २६ जुलै १९४४ रोजी फिलिपाइन्सजवळ एका अमेरिकन पाणबुडीने तिलाही बुडविले.

अखेर सांगितले. बेन क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दादाजी स्वतः खादी वापरीत. त्यांना राग आला नसता.” आणि थोड्या वेळाने, “आजींना मात्र आला असता.” यावर आम्हांस बोलता आले नाही. आम्ही तसबीर उतरविली नाही, परंतु तिच्याकडे पाहताना आता भिंतीपलीकडची तसबीरही आठवते.

त्या बोटीत चांदीही होती, सुमारे ६० टन, दक्षिण आफ्रिकेच्या नाण्यांसाठी चाललेली. २०१७ साली एका कंपनीने अडीच किलोमीटर खोलीवरून २,३६४ विटा वर काढल्या. त्या कोणाच्या, याचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. चांदीचा हिशेब विटेविटेने झाला. बुडालेल्या माणसांचा हिशेब मात्र त्यांच्या नातवंडांनाच मांडावा लागला. ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, देशोदेशी पांगलेल्या कुटुंबांतील मंडळी मुंबईत बॅलार्ड इस्टेटीत जमली व त्यांनी आपल्या माणसांचे एकत्र स्मरण केले. जो शोक आजवर घरापुरता होता, तो त्या दिवशी चारचौघांत आला.

आणि हा शोक केवळ गुजराती घरांचा नव्हे. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर त्या काळी रत्नागिरीकडचे मुसलमान दर्यावर्दी आणि गोव्याचे स्वयंपाकी व वाढपी पुष्कळ असत. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या हिंदी व्यापारी जहाजांवरील सुमारे सहा हजार खलाशांची नावे लिहिलेला स्मृतिग्रंथ मुंबईस आहे. पण तो खलाशांचा. पदरात मूल घेऊन नवऱ्याकडे निघालेल्या बाईचे नाव खलाशांच्या ग्रंथात कसे असावे? ते तिच्या घरानेच जपले पाहिजे.

बेनना आम्ही शेवटी असे सांगितले: तिथी निश्चित नसेल त्यास सर्वपित्री अमावास्या मोकळी आहे; अपघाताने वा शस्त्राने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशीही आहे. त्रिपुरी पौर्णिमेस एक पणती अधिक लावावी. परंतु २३ नोव्हेंबर सोडू नये. ज्या तारखेस तुमच्या आजींनी पहिली पणती पाण्यात सोडली, ती तारीख आता तिथीच झाली आहे.

वाचकांस विनंती इतकीच, की आपल्या घरी अशी एखादी तसबीर असेल, तर तिच्यामागे नाव, गाव, बोट व दिवस लिहून ठेवावा. सांगणारी पिढी घरात आहे तोवर हे काम अर्ध्या घटकेचे आहे. ती गेली, की पंचांगांच्या राशीतूनही ते निघत नाही.

असो. या त्रिपुरी पौर्णिमेस आमच्या दारीही एक दिवा अधिक लागेल. तर्पणाच्या शेवटी, ज्यांस कोणी नाही त्यांच्यासाठीही ओंजळभर पाणी सोडण्याची आपली चाल आहेच. त्या ओंजळीत जात व धर्म विचारला जात नाही, हे त्या चालीचे मोठेपण आहे.