अंथरूण पाहावें कसें?

अंथरूण पाहून पाय पसरावे, असा उपदेश म्हण करते. परंतु अंथरूण पाहावें कसें, हें मात्र ती सांगत नाहीं. लग्नाची खरेदी असो कीं नव्या घराची मांडणी असो, गादीच्या दुकानांत गेलेलें कुटुंब बहुधा खोळीचा रंग, नक्षी आणि किंमत पाहून परत येतें. वस्तुतः ज्या वस्तूवर मनुष्याच्या आयुष्याचा सुमारें एकतृतीयांश भाग जातो, तिची परीक्षा खोळीच्या आंत काय आहे यावरूनच केली पाहिजे.

मऊ तितकें सुखकारक, अशी एक समजूत आहे. कडक तितकें पाठीस हितकर, अशी दुसरी. दोन्ही अपुऱ्या होत. फार मऊ गादींत कंबर खोल जाऊन पाठीचा कणा वांकतो. फार कठीण गादीवर खांदे व नितंब यांवरच सर्व भार पडतो. २००३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्पेनमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जुनाट पाठदुखी असलेल्या ३१३ जणांपैकीं कांहींना कठीण व कांहींना मध्यम कठीण गाद्या देण्यांत आल्या. ९० दिवसांनंतर मध्यम गादीवर निजणारांस अधिक आराम पडल्याचें आढळलें.

या नियमास एक गंभीर अपवाद आहे, तो तान्ह्या मुलाचा. मऊ गादी, उशी अथवा जाड पांघरूण तोंडावर येऊन त्याचा श्वास कोंडण्याचें भय असतें. म्हणून पहिल्या वर्षीं बाळास सपाट व कठीण अंथरुणावर उताणेंच निजवावें, आणि डोकें गोल व्हावें म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीसुद्धां टाळावी, असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें.

आतां भरणीचा विचार. आंखूड धाग्याचा देशी कापूस तलम सुतास उपयोगी नसला, तरी त्याचा तंतु जाड व ताठ असल्यामुळें तो गादींत लवकर दबत नाहीं. मूठभर कापूस दाबून सोडावा. तो फुलून वर आला तर चांगला. गोळा होऊन राहिला, आणि झटकतांच धूळ व सरकीची टरफलें पडलीं, तर तो गिरणीचा टाकाऊ माल समजावा. शिवण घालण्यापूर्वीं भरणी स्वतः पाहण्यास संकोचूं नये. खोळीस घट्ट विणीचा गादीपाट हवा. दोनतीन वर्षांनीं पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला कीं तीच गादी पुन्हां फुलते, हा कापसाचा मोठा गुण. तो ओल धरतो, हा दोष.

म्हणून मुंबई व कोंकण येथील दमट हवेंत काथ्याच्या गादीचा विचार करावा. नारळाच्या सोडणाच्या तंतूंवर रबराचा चीक चढवून ती करतात, व तिच्यांतून हवा खेळती राहते. ती कठीण वाटल्यास वर कापसाची पातळ गादी घालावी.

फोम पॉलियुरेथेनचा असतो. या द्रव्याचा शोध १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लावला. फोम घेतांना त्याची घनता, म्हणजे एका घनमीटरास किती किलो वजन, हें विचारावें. घनता म्हणजे कठीणपणा नव्हे. ती टिकाऊपणाची खूण आहे. फोम उन्हांत ठेवल्यास पिवळा पडून त्याचा भुगा होऊं लागतो.

उशीस सांवरीचा कापूस उत्तम. तो हलका असून पाणी सहसा शोषीत नाहीं. गादीच्या भारानें मात्र त्याचे तंतु चुरतात. कुशीवर निजणारास कान व खांदा यांतील अंतर भरून काढील इतकी जाड उशी हवी. उताणें निजणारास पातळ पुरते.

अंथरुणाची निगाही तितकीच महत्त्वाची. धुळींतील अतिसूक्ष्म किडे ओलसर गादींत वाढतात, आणि त्यांच्या विष्ठेनें दमेकऱ्यांचा दमा बळावतो. चादरी व अभ्रे आठवड्यास एकदां ५५ ते ६० अंश उष्ण पाण्यांत धुवावे, व कापसाच्या गाद्यांस कडक ऊन द्यावें.

शेवटीं एक सूचना. चारचौघांत आडवें होण्याचा संकोच सोडून दुकानांतच दहा मिनिटें नेहमींच्या कुशीवर पडून पाहावें. आणि ज्याच्या पाठीसाठीं गादी घ्यावयाची, त्यानेंच ती पाहावी. पुष्कळ घरांत नवी गादी पाहुण्यांच्या खोलींत जाते, आणि दबलेली जुनी म्हाताऱ्या आईवडिलांच्या वाट्यास येते. पाहुणा दोन रात्रींनीं निघून जातो. दुखरी पाठ घेऊन रोज पहाटे उठावें लागतें तें आईवडिलांनाच. नवी गादी प्रथम त्यांच्या खोलींत जावी.