गोळीची वेळ आणि घरातला एकच मोबाईल

जन्मतःच एचआयव्हीची लागण झालेली मुले पूर्वी किशोरवयापर्यंत क्वचितच पोहोचत. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधे मोफत मिळू लागली, २००६ च्या अखेरीस मुलांसाठी वेगळा कार्यक्रम आला, आणि ही मुले मोठी झाली. सातव्या वर्षी आजीच्या हातून निमूट गोळी घेणारे पोर पंधराव्या वर्षी तीच गोळी उशीखाली सारते. गोळ्या वरचेवर चुकल्या, की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

यावर हल्ली हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे मोबाईल. तो कितपत चालतो? केनियात रुग्णांना दर आठवड्याला एकच संदेश जाई: ‘कसे आहात?’ त्यात औषधाचे नाव नाही, आजाराचे नाही. उत्तर आले नाही, की परिचारिका स्वतः फोन करी. गोळ्या घेण्याचे प्रमाण वाढले, असा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. तिथे आठवड्याला यंत्राचा आवाज फोन करी आणि एक चित्र येई. २०१४ च्या अहवालानुसार फरक पडला नाही. दोन्ही अभ्यास प्रौढांचे, देशही वेगळे. तरी पलीकडे माणूस असण्या-नसण्याचा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडची खरी युक्ती ‘९९ डॉट्स’ची. क्षयाच्या गोळीच्या पाकिटात नंबर दडवलेला असतो. गोळी काढली की तो दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. स्मार्टफोन नको, पैसे नकोत. (मिस्ड कॉलचा इतका सदुपयोग दुसऱ्या कुणाला सुचला नसता!) पण मुंबई, चेन्नई, वेल्लोर इथे लघवी तपासून पडताळा घेतला, तेव्हा गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांचीच नोंद जुळली, न घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या नावावरही ‘घेतली’ असे लागले होते. फोनला कॉल कळतो, गिळणे कळत नाही.

आता नगर जिल्ह्याकडे येऊ. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोपीत फोन एकच, तोही बापाच्या खिशात. रात्री आठला गजर वाजला की शेजारची कोपी विचारणार, कसला गजर? मुलीच्या हाती फोन आणखी कमी. नगरच्या ‘स्नेहालय’सारख्या संस्थेत वाढणाऱ्या मुलाला निदान सोबतच्यांपासून गोळी लपवावी लागत नाही, कोपीतल्या मुलाला दिवसातून एकदा तरी खोटे बोलावे लागते. त्याच्यासाठी ॲप करायचेच, तर पडद्यावर औषधाचे चित्र नको, नावही साधे हवे, एखाद्या खेळाचे चालेल. आणि दोन दिवस उत्तर आले नाही, तर एआरटी केंद्रातल्या ओळखीच्या समुपदेशकाने फोन करायचा. त्याने पहिल्याच वाक्यात गोळीचे विचारू नये. ‘जेवलास का?’ एवढे विचारावे.