गाजराची चकती

सांगोला, आटपाडी, मालेगाव-सटाणा या पट्ट्यात डाळिंबाची एखादी फांदी पिवळी पडते, मग दुसरी, आणि बघता बघता झाड फळांसकट उभ्या जागी वाळतं. बागायतदार म्हणतो, ‘मर लागली.’ या एका शब्दात सेरॅटोसिस्टिस ही बुरशी येते, फ्युजारियम येते, सूत्रकृमी येतात, खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेराही येतो. मुळाशी औषधाची आळवणी मात्र बहुतेकदा निदानाआधीच झालेली असते.

सेरॅटोसिस्टिस असेल तर मूळ आडवं कापल्यावर लाकडात करडे-तपकिरी पट्टे चांदणीसारखे फाकलेले दिसतात. पण डागावरून खात्री होत नाही, बुरशी हाती लागायला हवी. बटाटा, डेक्स्ट्रोज आणि अगर यांच्या नेहमीच्या माध्यमावर मुळाचा तुकडा ठेवला, तर मेलेल्या लाकडावर पोसणाऱ्या फुकट्या बुरश्याच आधी बशीभर पसरतात.

1968 साली मोलर आणि डेव्हे या संशोधकांनी सेरॅटोसिस्टिससाठी गाजर हेच माध्यम म्हणून मांडलं. धुऊन निर्जंतुक केलेल्या गाजराच्या दोन चकत्यांमध्ये रोगट लाकडाची ढलपी ठेवायची आणि ओलसर डबीत झाकायची. गाजर जिवंत असतं. फुकट्यांना ते सहजी दाद देत नाही, या बुरशीला देतं. शिवाय तिला लागणारं थायमिन त्यात मिळतं. आठवडाभरात चकतीवर काळे, लांब मानेचे इवलेसे चंबू उगवतात. मानेच्या तोंडाशी तंतूंची झालर असते. या बुरशीचं ‘फिम्ब्रिएटा’ हे जातिनाम त्या झालरीवरूनच पडलं. डबी उघडली की कित्येकदा पिकल्या केळ्यांसारखा वास येतो.

या सगळ्या खटाटोपाचं फळ म्हणजे मानेच्या टोकावरचा साईच्या रंगाचा चिकट थेंब. त्यात टोपीच्या आकाराचे बीजाणू असतात. खाली गाजर सडत असलं, जिवाणू बुजबुजत असले, तरी थेंब वर अधांतरी राहतो. किड्याच्या अंगाला चिकटून दूर जावं म्हणून बुरशीने केलेली ही सोय. प्रयोगशाळेत किड्याचं काम निर्जंतुक सुई करते. तिने फक्त थेंबाला स्पर्श करायचा, गाजराला नाही. शुद्धीकरणाचं निम्मं काम बुरशीनेच करून ठेवलेलं असतं, हे मला या पद्धतीतलं सर्वांत देखणं वाटतं.

उरलेलं निम्मं चिकाटीचं. थेंब निर्जंतुक पाण्यात पातळ करून साध्या अगरवर पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली रुजलेला एकच बीजाणू हेरून उचलायचा आणि त्यापासून वाण वाढवायचा. तो निरोगी रोपाला टोचायचा. रोप मरून त्यातून तीच बुरशी पुन्हा निघाली, की निदान पक्कं. डीएनए चाचणी बुरशीचं नाव लवकर सांगते. पण कोणतं डाळिंब रोगाला टिकतं हे पाहायला जिवंत, मोजून घेतलेले बीजाणूच लागतात.

सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून या पिकावर काम करतं. तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना न्यायचा असेल, तर पार वाळलेल्या झाडाचा नेऊ नका. नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या झाडाचं मूळ घ्या, कागदात गुंडाळा, माती वेगळ्या पिशवीत भरा आणि आळवणीच्या आधी पोचवा.