तेल वर जातं, खाली का येत नाही?

पंप तेल वर चढवतो, पण ते परत खाली कोण आणतं? कोणीच नाही. हेड आणि ब्लॉकमधल्या भोकांतून ते आपल्या वजनाने उतरतं. ताकदवान इंजिनांचं दुखणं इथेच सुरू होतं.

उदाहरण घेऊ निसानच्या आरबी२६ इंजिनाचं. १९८९च्या स्कायलाइन जीटी-आरमधलं हे इंजिन: २.६ लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बो. ताकद वाढवून ट्रॅकवर नेलं की तेल हेडमध्ये साचतं, खाली ऑइल चेंबर रिकामं होतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. डिपस्टिक मात्र पातळी बरोबर दाखवते, कारण आपण ती इंजिन बंद करून, तेल उतरल्यावर बघतो!

भोकं लहान आहेत, हे अर्धंच खरं. गोडेतेलाचा डबा आठवा. एकच भोक पाडून उपडा केला तर तेल गचके देत पडतं, कारण हवाही त्याच भोकातून आत शिरते. दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते. ब्लॉकमध्येही तसंच. पिस्टन रिंगांजवळून निसटलेला वायू, म्हणजे ब्लो-बाय, क्रँककेसमध्ये जमतो. बूस्ट वाढवला की तोही वाढतो. तेल उतरायच्या वाटेनेच तो वर येतो आणि तेलाला अडवतो.

म्हणून मी उपाय या क्रमाने सांगतो.

पहिला, हेडकडे जाणाऱ्या तेलाला रिस्ट्रिक्टर. आरबी२६चे टॅपेट सॉलिड आहेत, म्हणून हे चालतं. हायड्रॉलिक टॅपेटना तेल जास्त लागतं; तिथे आंधळी नक्कल नको.

दुसरा, परतीची भोकं मोठी करून कडा गोल करणं. पण आधी शेजारच्या वॉटर जॅकेटची भिंत किती जाड आहे ते बघा.

तिसरा, डब्याचं दुसरं भोक. हेडच्या मागच्या टोकापासून चेंबरपर्यंत बाहेरून जाड पाइप. त्याचं खालचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर हवं, तरच वायूला वेगळी वाट मिळते. सोबत ब्रीदर मोकळे ठेवून कॅच कॅनला जोडा.

नुसतं जास्त तेल ओतणं हा उपाय नव्हे. ते फिरत्या क्रँकला लागलं की फेस होतो, आणि फेसावर बेअरिंग टिकत नाही. आधी वायूला वाट द्या. तेल आपोआप उतरेल.