धुरेवरचें ओझें

‘धुरंधर’ हें विशेषण आज आपण पुढाऱ्यांस लावतों. परंतु त्याचा मूळ अर्थ धुरा वाहणारा, म्हणजे गाडीस जुंपलेला बैल, असा आहे. शब्द माणसांकडे गेला आणि बैलाचें काम यंत्राकडे आलें. वाशीम जिल्ह्यांत सोयाबीनच्या हंगामांत वाशीम, कारंजा, रिसोड येथील बाजारांकडे ट्रॅक्टरमागें भरलेल्या ट्रॉल्या जातात. घरीं एसयूव्ही जातीची मध्यम मोटार असली म्हणजे तिलाही ट्रॉली जोडावी, असें एखाद्या गृहस्थास वाटणें स्वाभाविक आहे. मात्र ‘मोटारींत ओढण्याचा जोर आहे ना?’ एवढेंच पाहून चालत नाहीं. ओढण्यापेक्षां थांबविणें अधिक कठीण आहे.

प्रथम वजन. मोटार किती भार ओढूं शकते, हें कारखानदाराच्या पुस्तिकेंत पाहावें. तेथें आंकडा नसेल तर ओढूं नये. रिकामी ट्रॉली ३०० किलोंची व माल ७ क्विंटल असेल, तर भार १००० किलो झाला. युरोपांत ७५० किलोंवरील ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक असावे लागतात, यांतील मर्म उघड आहे.

दुसरी गोष्ट मालाच्या मांडणीची. बंडी हांकणारा जुना धुरकरी हें शास्त्र जाणत होता. ओझें आंसाच्या मागें गेलें कीं गाडी उलाळ होते. फार पुढें आलें कीं बैलांच्या मानेवर बसतें. मोटारीसही हाच न्याय लागू आहे. एकंदर भाराचा सुमारें दशांश, किंवा किंचित् अधिक, जोडाच्या कडीवर यावा. म्हणजे १००० किलोंस १०० ते १५० किलो. भार मागें असेल तर वेगांत ट्रॉली डावीउजवीकडे झोके खाऊं लागते व मोटारीसही ओढून नेते. अशा वेळीं जोरानें ब्रेक दाबूं नये, चक्रही झटक्यानें फिरवूं नये. तें सरळ धरून वेग हळूहळू उतरूं द्यावा. उलट, कडीवर फार भार आला तर मोटारीचीं पुढचीं चाकें हलकीं होऊन चक्रास नीट दाद देत नाहींत.

तिसरी गोष्ट उताराची. वाशीमहून मालेगांव, मेडशी, पातूर या मार्गानें अकोल्यास जातांना घाट उतरावा लागतो. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात. वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याची शक्ति चौपट लागते, हें गणित विसरूं नये.

शेवटीं, जोडाखालीं सांखळ्या असाव्यात. मागचे दिवे व चमकणाऱ्या पट्ट्या असाव्यात. रात्रीं रस्त्यांत उभी असलेली दिव्यांवांचूनची ट्रॉली मागून येणाऱ्याचा जीव घेते. ट्रॉलींत माणसें तर कधींच बसवूं नयेत. बैल थकला कीं थांबत असे. यंत्र तसें थांबत नाहीं. म्हणून मर्यादा हांकणारानेंच पाळली पाहिजे.